डॉक्टरांचा केसपेपर निघत नसे

मी एक जुनी खुर्ची आहे, शहागंजातल्या एका दवाखान्यात पेशंटला बसायला ठेवलेली. मला हात नाहीत. टेबलापलीकडच्या डॉक्टरांच्या खुर्चीला हात आहेत, गादीही आहे, म्हणून ती जरा तोऱ्यात असते. मित्रांनो, माझ्यावर हजारो माणसं बसून गेली आणि त्यांतली बहुतेक मी विसरले. एक जण मात्र उठून गेला तरी अजून उठलेला नाही. त्याचीच गोष्ट सांगते.

मुबारक मिस्त्रींनी मला बाजारामागच्या गल्लीत घडवलं, ते साल एकाहत्तर. तेव्हा डॉ. तात्यासाहेब पिशोरहून येऊन नुकताच दवाखाना थाटत होते. "मजबूत करा, मिस्त्री," ते म्हणाले, "माझे पेशंट शेतातले गडी हायेत."

मुबारक हसले. "साहेब, हत्ती बिठाव इसपे."

हत्ती काही आला नाही, पण पुढची पंचवीस वर्षं मला उसंत मिळाली नाही. खोकणारे, कण्हणारे, उगाचच घाबरणारे, सगळे माझ्यावरच टेकायचे. कंपाउंडर सांडू मला रोज सकाळी फडक्यानं पुसायचा आणि "आमची खुर्ची लई पायगुणाची हाय" असं लोकांना सांगायचा. खोटं कशाला बोलू, मी चांगलीच फुशारले होते.

दवाखान्यात एक रीत होती. दुसरा डॉक्टर आजारी पडून आला, तर त्याचा केसपेपर काढत नसत. त्याला तपासतही नसत. चहा यायचा आणि बोलता बोलता औषध सांगितलं जायचं. यात त्याचा मान राखला, असं सगळ्यांना वाटे.

पडेगावचे डॉ. जहांगीर हे तात्यासाहेबांचे कॉलेजपासूनचे दोस्त. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते आले आणि चक्क माझ्यावर बसले. एरवी ते टेबलाला टेकून उभे राहत. बूट माझ्या पुढच्या पायावर घासत ते म्हणाले, "तात्या, माझा एक पेशंट हाय. त्याला झोप येत नाय. घास उतरत नाय. म्हणतो, आता बस झालं."

तात्यासाहेबांनी हातातला कप खाली ठेवला आणि दोस्ताकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. पण दोस्ताला, त्यातून डॉक्टरला, असं कसं विचारायचं? त्यांनी एका गोळीचं नाव सांगितलं. जहांगीर "बरं" म्हणाले, चहा संपवून निघून गेले. चौथ्या दिवशी पडेगावहून निरोप आला, की त्यांनी आपलं आयुष्य आपणच संपवलं.

त्यानंतर माझे दिवस फिरले. दुपारी दवाखाना रिकामा झाला की तात्यासाहेब माझ्याकडे पाहत बसायचे आणि हळूच विचारायचे, "जहांगीर, तुझ्या पेशंटचं नाव काय होतं रे?" मी लाकूड, मी काय सांगणार? पण त्या वेळी माझ्या पुढच्या पायावर बूट घासल्यासारखं व्हायचं आणि बैठक खरोखर जड वाटायची. मलाही भीती वाटत होती, मित्रांनो. एकदा ते बोलणं सांडूच्या कानावर पडलं. त्यानं मला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवलं आणि पेशंटला बाकडं दिलं. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रं साचत गेली. तीन वर्षं मला कुणी पुसलं नाही.

मग एका दुपारी अजरा आली. एकोणतीस वर्षांची, बाळंतपणं करणारी डॉक्टर. लहानपणी तिला गोवर आला तेव्हा तात्यासाहेबांनीच औषध दिलं होतं. बाकडं धुऊन बाहेर वाळत ठेवलेलं. "बसू कुठं, सर?" म्हणत तिनंच वर्तमानपत्रं उचलली, मला ओढलं आणि बसली. सांडू अडवायला पुढं झाला, पण उशीर झाला होता.

ती जरा इकडचं तिकडचं बोलली. मग खाली बघत म्हणाली, "सर, माझी एक पेशंट आहे. तिच्या हातून एक बाई बाळंतपणात गेली. तेव्हापासून तिला झोप नाय. डोळे मिटले की ती बाई पाणी मागते. आता तिला सगळंच बंद करावंसं वाटतंय."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. मला माझ्यावर दोघांचं वजन जाणवत होतं. त्यांनी गोळीचं नाव लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं.

"तुझ्या पेशंटचं नाव काय, अजरा?"

ती दाराकडे पाहू लागली. बाहेर भाजीवाले भाव पुकारत होते.

"नाव सांगितल्याबिगर मी औषध देणार नाय," तात्यासाहेब म्हणाले. "एकदा दिलं होतं."

"मीच, सर," अजरा म्हणाली आणि रडू लागली. दोन्ही हातांनी तिनं माझी कड घट्ट धरली होती.

त्यांनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाले, "हे दुखणं मला बरं करता येणार नाय. करणारे डॉक्टर गावात हायेत, आपण आत्ताच जाऊ. एकटी घरी जायचं नाय. सांडू, केसपेपर आण."

"डॉक्टरचा केसपेपर, साहेब?"

"व्हय. दोन आण."

दुसऱ्या कागदावर तात्यासाहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं. वय छप्पन्न. तक्रार, तीन वर्षं झोप नाही. सांडू तो कागद वाचून रिक्षा बोलवायला धावला. तात्यासाहेब आणि अजरा एकाच रिक्षात बसून मनाच्या डॉक्टरांकडे गेले.

अजरा आजही बाळंतपणं करते. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी गावातले थकलेले डॉक्टर इथं येतात, माझ्यावर बसतात, आणि प्रत्येकाचा केसपेपर निघतो. जहांगीरही येतात; पुढच्या पायावर बूट घासला की मला कळतं. त्यांच्या नावाचा कागद मात्र कुठल्याच कपाटात नाही.

मित्रांनो, तुम्हाला सुई टोचणाऱ्या डॉक्टरांना कधीतरी विचारा, तुम्हाला झोप लागते का. ते हसून विषय बदलतील, तर पुन्हा विचारा. मी खुर्ची आहे, मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.