धुक्यातल्या दोन हाका

इंग्लंडमधल्या केंडल गावात जन्मभर बस चालवलेल्या विल्फ ब्रेथवेटला आरामखुर्चीत बसून राहणं काही जमायचं नाही. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलीने हट्टाने एका सरोवराकाठच्या जुन्या हवेलीत त्याच्यासाठी आणि बायको नोरासाठी खोली घेतली होती. हवेलीचं हॉटेल होऊनही बरीच वर्षं लोटली होती. सकाळची न्याहारी होते न होते तोच विल्फने होडी सोडली.

"अरे, धुकं उतरतंय," नोरा म्हणाली.

"बरंच आहे की, टक्कल तापायचं नाही!" म्हणत तो वल्ही मारत गेलासुद्धा.

ती दिवाणखान्यात खिडकीशी बसली. बघता बघता समोरचा डोंगर गेला, मग पाणी गेलं, मग बागेतली झाडंही दिसेनाशी झाली. चहा तसाच निवला. शेवटी शाल गुंडाळून ती धक्क्यावर धावली.

"विल्फ! ए विल्फ!"

"इथे आहे मी, नोरा." हाक उजवीकडून आली. अगदी जवळून, अगदी शांत. "पायरीवर उतर. हात दे मला."

आवाज विल्फचाच होता. नोराने एक पाय पायरीवर ठेवलाही. गार पाणी बुटात शिरलं. तेवढ्यात डावीकडून, लांबून दुसरा विल्फ खेकसला, "कशाला कोकलतेस गं? आलो ना!"

तिचा पाय तिथेच थिजला.

"उतर, नोरा," उजवीकडचा पुन्हा म्हणाला. "किती वाट बघायची मी?"

ती मागे सरकली आणि डावीकडे तोंड करून जीव तोडून ओरडली, "मूर्खा, माझ्या आवाजावर ये! बोलत राहा, शिव्या दे हवं तर!"

विल्फने तेवढं मात्र इमानेइतबारे केलं. शिव्या जवळ जवळ येत गेल्या आणि होडीचं टोक धक्क्यावर आदळलं. तो पांढराफटक पडला होता.

"तू मघाशी कुठून हाक मारत होतीस?" त्याने विचारलं. "पलीकडून तू बोलावत होतीस. 'ये ना राजा, ये' म्हणून. मी निम्मं सरोवर तिकडे गेलो. मग म्हटलं, ही बया चाळीस वर्षांत मला कधी राजा म्हणाली नाही. आणि फिरवली होडी."

नोराला हसू फुटलं नाही. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याला वर आणलं.

दारात हॉटेलच्या मालकीणबाई, मिसेस डार्ग, घोंगडी घेऊन उभ्या होत्या. काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकत त्या हळूच म्हणाल्या, "उत्तर नाही ना दिलंत तुम्ही दोघांनी?"

"मी नाही दिलं," नोरा म्हणाली.

विल्फ जमिनीकडे बघत राहिला. "मी दिलं," तो पुटपुटला. "एकदाच. 'आलो गं' म्हणालो."

मिसेस डार्गनी त्याच्याकडे पाहिलं आणि दिवाणखान्याच्या खिडक्या लावायला घेतल्या. "दुपारच्या आत निघा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि गाडी बाईंना चालवू द्या."

ते निघाले तेव्हा धुकं विरलं नव्हतं. फाटकाशी गाडी वळली आणि मागून, पाण्याकडून, नोराचाच आवाज रडत आला. "आलो म्हणालास ना रे!"

विल्फचा हात दाराच्या कडीकडे गेला. नोराने तो आपल्या हाताखाली दाबून धरला आणि केंडलची घरं दिसेपर्यंत एका हातानेच गाडी चालवली.