झानेत्ताचा हातोडा आणि शुक्राची कोर

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. नळीवरचे कातडे सुटले आहे, आत कोळ्याने घर केले आहे; पण माझे भिंग अजून शाबूत आहे. ते कुणामुळे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये चष्मेवाल्यांच्या गल्लीत झानेत्ता भिंगे घासायची. तिचे वडील आन्झोलो यांची नजर गेल्यापासून दुकान तिच्याच अंगावर होते. माझे भिंग तिने अकरा दिवस घासले, त्यावर जाड कागदाचे कडे बसवले आणि गणित शिकवणाऱ्या म्हाताऱ्या अल्विसेमास्तरांच्या हाती मला दिले.

"मास्तर, लेक नांदायला पाठवतेय. जपा हं!" ती म्हणाली.

मास्तर मला रोज संध्याकाळी गच्चीवर शुक्राकडे वळवीत. चार-पाच महिने सुखात गेले. मग एके दिवशी मला काखोटीला मारून ते तणतणत दुकानात आले.

"झानेत्ता, भिंग बिघडलं तुझं! आधी शुक्र लहान पण चांगला गोल दिसायचा. मग अर्धा झाला. आता बघ, मोठा झालाय आणि बीजेच्या चंद्रासारखी नुसती कोर!"

आमच्या गल्लीची रीत फार कडक होती. खोटे निघालेले भिंग करणाऱ्यानेच उंबऱ्यावर सगळ्यांदेखत फोडायचे. मग त्या दुकानाची पायरी कुणी चढत नसे. झानेत्ताने मला तीन दिवस पुन्हा पुन्हा घासले, पण कोर काही जाईना. चौथ्या संध्याकाळी तिने रडत हातोडा काढला. गल्ली जमलीच होती.

"भिंगं घासणं म्हणजे मासळी साफ करणं नव्हे, बाई!" समोरचा चष्मेवाला खिदळला.

झानेत्ताने हातोडा उगारला. तेवढ्यात आतून आन्झोलो ओरडले, "थांब गं! खोट भिंगात असेल, तर नळी फिरवली की तीही फिरेल. फिरवून पाहिलीस का?"

"नाही, बाबा."

"मग हातोडा कसला उगारतेस? आधी फिरव!"

छपरांवर शुक्र दिसतच होता. झानेत्ताने मला टेकूवर ठेवले आणि एक पूर्ण फेरा फिरवले. मी फिरले, पण कोर जागची हलली नाही.

"बाबा, हिची काही चूक नाही हो!" ती किंचाळली. समोरचा चष्मेवाला गुपचूप आपल्या दुकानात शिरला.

मास्तर मात्र तिथेच बसले. त्यांनी दिवा मागवला आणि झानेत्ताच्या हाती एक कांदा देऊन तो दिव्याभोवती फिरवायला लावला. कांदा दिव्यापलीकडे गेला की लहान दिसे आणि गोल उजळे; अलीकडे आला की मोठा दिसे आणि त्याची कोर उरे.

"अगं, शुक्रही असाच सूर्याभोवती फिरतोय!" मास्तर म्हणाले.

"आणि आपण, मास्तर?"

"आपण तरी कुणाचे एवढे लाडके, मधोमध बसून राहायला? आपणही फिरत असणार!"

पुढे कितीतरी लोकांनी माझ्यातून शुक्र पाहिला, माझे कौतुक केले. मग मोठ्या दुर्बिणी आल्या आणि मास्तरांमागे मी झानेत्ताच्याच फळीवर परत आले. म्हातारपणी तिचीही नजर गेली. तरी ती मला रोज पुसायची.

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादे माणूस खोटे वाटले, तर हातोडा उचलण्याआधी एकदा नीट तपासून बघा. मला तसे तपासणारे भेटले, म्हणून मी आहे. शेवटच्या दिवसांत झानेत्ता मला मांडीवर घेऊन एक फेरा फिरवायची आणि म्हणायची, "पोरी, त्या दिवशी फोडलंच असतं गं तुला!"