कातळावरच्या सातजणी

वेणूताईंनी दोन्ही हात वर केले आणि पायवाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"दमलीस?" दिनानाथ मास्तरांनी विचारलं.

वेणूताईंनी नकारार्थी मान हलवली, सात बोटं दाखवली, मग कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं.

"सात... कपाळ... सात वाजल्यापासून डोकं दुखतंय होय! बुधी, बाईंना जरा सावलीत बसव." आणि मुंबईच्या प्राध्यापकांना घेऊन मास्तर पुढे निघालेसुद्धा.

"मास्तर, बायला येगलंच कायतरी सांगायचं हाय," बुधी म्हणाली. पण मास्तर आज कुणाचं ऐकणार?

कोन गावाच्या पलीकडच्या डोंगरातली ती कपार त्यांना लाकडं विकणाऱ्या या बुधीनेच दाखवली होती. आत कातळावर गेरूने काढलेल्या सात आकृत्या, हात वर केलेल्या. माणूस शेती शिकला त्याच्याही आधीच्या, असं मास्तरांचं म्हणणं. पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता सहा वर्षं ते मुंबईला पत्रं पाठवत राहिले, आणि गावाने त्यांचं नाव 'दगडमास्तर' पाडलं. शेवटी आज सकाळी प्राध्यापक काही न कळवता एस.टी.तून उतरले. नेमके सोमवारी.

सोमवारी ऊन डोक्यावर येईपर्यंत वेणूताईंचं मौन. लग्नापासून एकदाही मोडलं नव्हतं. पाटीवर लिहिणं म्हणजेही बोलणंच, असं त्यांच्या मनाने घेतलेलं. खुणांना तेवढी सूट. आणि सांगायचं होतं ते असं, की मास्तरांनी कौतुकाने त्या सातजणी दाखवल्या, तेव्हा वेणूताईंनी हातच जोडले होते. या तर साती आसरा, पाण्याच्या देवी! तेव्हापासून मास्तर शाळेत गेले, की दर शुक्रवारी त्या बुधीला घेऊन यायच्या आणि सातहीजणींना कपाळापासून पायापर्यंत हळदकुंकू वाहायच्या.

प्राध्यापकांनी कपारीत शिरून एका आकृतीवर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"मास्तर, हे ताजं आहे हो." त्यांनी भिंग मिटून खिशात टाकलं.

"सर, पण मी... मी नाही..." मास्तर त्या लाल बोटाकडे आणि आकृतीकडे आळीपाळीने बघू लागले.

बुधीला घेऊन मागोमाग पोचलेल्या वेणूताईंनी एकदा उन्हाकडे पाहिलं. ते डोक्यावर यायला अजून अवकाश होता. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"वरचं माझं आहे, शुक्रवारचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खालचं आधीपासूनचं."

पदराचं टोक बुधीजवळच्या पाण्याच्या तांब्यात बुडवून त्यांनी एकीच्या पावलावरून अलगद फिरवलं. कुंकू निघालं. खालचा काळपट गेरू मात्र दगडाने पिऊन टाकल्यासारखा. तो हलला नाही.

"बाई, पुरे! बाकीचं राहू द्या!" प्राध्यापक गुडघ्यांवर बसले. बराच वेळ भिंगामागून नुसतं 'अरे वा, अरे वा' येत राहिलं. "जुनं आहे, मास्तर. फार जुनं. हात वर, म्हणजे सामूहिक नृत्य. पावसासाठी असावं."

"नाच कसला," बुधी पुटपुटली. "थांबा म्हनत्यात. मगाशी बाय नव्हती का तशीच उभी? कोनी आयकंल तवा ना!"

उतरताना मास्तर मागे रेंगाळले. "माझ्यापायी मोडलंस, वेणू."

"बघीन मी देवाशी काय ते. तुम्ही पायाखाली बघा."

पुढच्या सोमवारी सकाळी निम्मी आळी मास्तरांच्या ओटीवर जमली. "सांगा की मास्तर, काय काय म्हणाले साहेब?"

सहा वर्षं मास्तर या प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, दोन्ही हात वर केले आणि उन्हाकडे बोट दाखवलं.

"डोकं दुखतंय वाटतं त्यांचं," कुणीतरी म्हणालं.

आतल्या दारातून पाहणाऱ्या वेणूताईंना पहिल्याच खुणेत कळलं. त्यांनी देवघरात आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला.