गुरुवारची बस

गवंड्याच्या बायकोच्या खात्यात एका संस्थेकडून दर महिन्याला पैसे यायला लागले, तेव्हा गवंड्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला नक्की टोपी घालतंय. संस्थेतर्फे घरोघर पाहणीला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, "फेडायचे नाहीत. कशावर खर्चले तेही कुणी विचारणार नाही."

"आणि बदल्यात?" त्याने विचारलं होतं.

"काही नाही."

हे 'काही नाही' त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

पहिल्या तीन महिन्यांत घरात धान्याचं अख्खं पोतं आलं, लेकीला शाळेचे बूट आले, गळक्या कोपऱ्यावर नवा पत्रा चढला. बायको दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, ती जातच राहिली. पण पूर्वी साबण संपला की ती त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. आता सरळ दुकानात जायची.

चौथ्या महिन्यापासून ती दर गुरुवारी दुपारच्या बसने बाजारच्या गावी जाऊ लागली. विचारलं तर म्हणायची, "काम आहे." परत आली की जेवायची नाही, बोलायची नाही. तोंडाशी रुमाल धरून भिंतीकडे वळून पडायची.

"वहिनी हल्ली स्टँडवर दिसतात," किराणा दुकानदार तराजू पुसता पुसता म्हणाला. "औषधाच्या दुकानाशेजारचा जिना चढताना आमच्या मेव्हण्यानं पाहिलं. मी आपलं कानावर घातलं हो. मला काय करायचंय?"

गवंड्याच्या मनात पाल चुकचुकली. बायको नळावर गेलेली असताना त्याने तिचा फोन उघडला. एकाच नंबरावर चार वेळा बोलणं झालं होतं. त्याने तो लावला.

"आज नको," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "गुरुवारीच या. दुपारी निवांत असतो मी."

गवंड्याने एक शब्द न बोलता फोन होता तिथे ठेवून दिला. त्या दिवशी त्याने बांधलेली भिंत वाकडी गेली, ती पाडून पुन्हा बांधावी लागली.

गुरुवारी त्याने मुकादमाला ताप आल्याचं कळवलं आणि सकाळच्याच बसने पुढे जाऊन औषधाच्या दुकानासमोर दबा धरून बसला. दुपारी ती आली. इकडे तिकडे बघितलं आणि झपझप जिना चढून गेली. त्याने पाच मिनिटं कशीबशी काढली. मग दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला आणि दार ढकललं.

ती खुर्चीत जवळजवळ आडवी होती, तोंड वासून. एक टकला माणूस हातात चिमटा घेऊन तिच्यावर वाकला होता.

"काय चाललंय हे?" गवंडी ओरडला.

"दाढ," टकल्याने मान न उचलता सांगितलं. "चपला बाहेर."

बाकावर गाल धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला हसू आवरेना. बायकोने फक्त डोळे वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात कापूस होता, म्हणून तो वाचला.

स्टँडवर बसची वाट बघताना तिचं तोंड थोडं मोकळं झालं. "चार वर्षं एकाच बाजूनं खातेय," ती बोबडं बोलली. "तुम्हाला दिसलं कधी?"

"सांगायचं होतंस."

"सांगून तुम्ही काय केलं असतं? पक्कड आणली असती."

ते खरं होतं. त्याच्या बापाने त्याची दाढ तशीच उपटली होती.

"मग चोरून कशाला?"

"चोरून नाही. न विचारता." तिने रुमाल पुन्हा तोंडाला लावला. "फोन तुम्हीच लावला होता ना? डॉक्टर विचारत होते, परवा फोन करून बोलला का नाहीत म्हणून."

त्याने मान फिरवून लांबवर बस दिसते का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, तर त्याच्या जागी दुसरा गवंडी उभा. त्याला स्टँडवर धडधाकट बसलेलं मुकादमाच्या माणसाने पाहिलं होतं. तीन आठवडे त्याला काम मिळालं नाही. त्या दिवसांत चूल पेटली ती बायकोच्या पैशांवर. तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याला मात्र प्रत्येक घासाला वाटायचं, आता बोलेल.

त्यातल्याच एका गुरुवारी ती उरलेल्या दाढेसाठी निघाली तेव्हा तोही चपला घालून दारात उभा राहिला.

"पहारा द्यायला येताय?"

"नाही गं. सोबत."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विश्वास बसल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तरी बसमध्ये चढल्यावर तिने तिकिटं दोन काढली.