मी, माझा कार्बोरेटर आणि मधमाश्या

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. त्यापुढचे काही विचाराल, तर माझा गोंधळ उडतो. कारण अर्धे आयुष्य मी एका रीतीने श्वास घेतला आणि उरलेले दुसऱ्याच रीतीने घेतो आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा मला सोबतीला एक काळी डबी मिळाली. ती सीटखाली बसे आणि तारांमधून माझ्याशी बोले. हवा गार आहे की गरम, ओझे किती आहे, हे सारे ती ओळखायची आणि इंजेक्टरना हुकूम सोडायची, की आता एवढेच पेट्रोल. ठिणगी कधी पाडायची तेही तीच ठरवायची. मला विचार करावाच लागत नसे.

मला एका छोट्या मालवाहू गाडीत बसवले होते. गाडी एका जोडप्याची. बाई मधमाश्या पाळत आणि त्यांचे यजमान गाडी चालवत. जिथे फुले असतील तिथे माश्यांच्या पेट्या न्यायच्या, ती सरली की पुढे. किल्ली फिरली की मी लगेच सुरू होई. "एका हाकेत उठतं बघ!" यजमान म्हणत, आणि मी फुशारून जाई.

मग एके सकाळी डबी मुकी झाली. किल्ली फिरली, पण मला कुणी काही सांगेना. तशी डबी आता बनत नाही, असे सगळीकडून कळले. गाडी अंगणाच्या कडेला लागली आणि माझ्या बॉनेटवर उशांचे अभ्रे वाळू लागले. मी वाट पाहत राहिलो. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हते.

शेवटी बाईंचा धाकटा भाऊ आला. त्याचे गाड्यांच्या दुरुस्तीचे दुकान होते.

"भावोजी, त्या डबीचा नाद सोडा. याला कार्बोरेटर बसवतो."

"लोक जुनं काढून नवं बसवतात. तू नवं काढून जुनं बसवणार?"

"चालेल तरी! सध्या नुसते अभ्रे वाळवतंय."

"बिघडवलंस तर थेट भंगारात घालीन. त्याला आणि तुलाही!"

त्याने माझे इंजेक्टर काढले, तारांचे जुडगे काढले. ठिणगी वेळेवर पडावी म्हणून माझ्याच फेऱ्यांबरोबर फिरणारा जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्यूटर बसवला. टाकीतला पंप फार जोराने पेट्रोल ढकलतो म्हणून तोही काढला. मग माझ्या कुशीवरचा एक छोटा पत्रा त्याने उघडला आणि शीळ घातली. जुन्या पद्धतीचा पंप बसवायची जागा तिथे आधीपासूनच होती! मित्रांनो, मी चक्रावून गेलो. म्हणजे कारखान्याने मला नक्की कशासाठी घडवले होते? आणि इतकी वर्षे माझ्याच अंगावरची ही जागा मला कशी माहीत नव्हती?

आता हुकूम देणारे कुणी उरले नाही. मी हवा ओढली की कार्बोरेटरमधून तिच्याबरोबर पेट्रोल आपोआप येई. कधी जास्त, कधी कमी. मी खोकलो, थरथरलो, काळा धूर सोडला. गारठ्यात सुरू होताना जास्त पेट्रोल देणारी चोकची मूठ बाहेर ओढायची आणि मी तापलो की ती आत ढकलायची, हे यजमानांना आठवेना. मी पेट्रोलने गुदमरत असे आणि ते म्हणत, "बघ, तुझ्या भावाने चांगल्या इंजिनाचं वाटोळं केलं."

"भावोजी, मूठ! मूठ आत ढकला!" भाऊ ओरडे.

दोघांचा अबोला झाला. निरोप बाईंमार्फत जाऊ लागले. मला काही कळेना. दोष माझा होता, कार्बोरेटरचा की त्या मुठीचा?

तेवढ्यात डोंगरावरच्या मळ्यात फुलोरा आल्याची बातमी आली. आदल्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर बाईंनी पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या. पहाटे आम्ही निघालो. काही बिघडले तर असावा, म्हणून भाऊही बरोबर होता. ऊन चढायच्या आत पोहोचायचे होते. कोंडलेल्या माश्यांना उष्मा सोसत नाही.

पण घाटात ओझे जड झाले, गाडी हळू झाली आणि मी तापत गेलो. अचानक माझा घसा कोरडा पडला. टाकीत पेट्रोल होते, तरी माझ्यापर्यंत थेंबही येईना. मी दोन आचके दिले आणि बंद पडलो. सूर्य वर येत होता. मागून पेट्यांचा गुणगुणाट वाढत होता.

भावाने बॉनेट उघडले. "नळीत पेट्रोलची वाफ झालीय. पंप गार केला तर कदाचित..."

गाडीत पाण्याचा एकच कॅन होता. तो माश्यांच्या जाळ्यांवर शिंपडण्यासाठी आणलेला.

"माश्यांवर शिंपड," यजमान म्हणाले. "या इंजिनाचा काय भरवसा?"

"शिंपडून किती टिकतील, भावोजी? वर पोहोचायला नको?"

"मग इथंच दारं उघडू."

"इथं सोडल्या तर परत गोळा होतील का?" बाई म्हणाल्या. त्यांनी एका पेटीवर हात ठेवला. मग भावाकडे वळल्या. "खरं सांग. पाणी घातलं तर सुरू होईल?"

त्याने वाकून माझी नळी पाहिली. "माहीत नाही, ताई. नळी सायलेन्सरच्या इतक्या जवळून घ्यायला नको होती मी."

बाईंनी कॅन उचलला. डोक्याचा रुमाल सोडून भिजवला आणि माझ्या पंपाभोवती, नळीभोवती गुंडाळला. वाळला की पुन्हा भिजवला. यजमान आधी नुसते उभे होते. मग त्यांनी सीटवरची चादर काढली आणि पेट्यांवर सावली धरली. मी घाबरलो होतो. सुरू व्हायचे कसे, हे मला आता कुणीच सांगणार नव्हते.

किल्ली फिरली. मी हवा ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, आणि पेट्रोल आले!

आम्ही मळ्यात पोहोचलो. बाईंनी एकेक जाळी काढली आणि माश्या उसळून बाहेर आल्या. दोन पेट्यांतून मात्र कुणीच आले नाही. बाई त्यांच्यापाशी बसून राहिल्या. भाऊ मान खाली घालून उभा होता. यजमान त्याच्याजवळ गेले. मला वाटले, आता ते मला भंगारात घालणार.

"तुझे पाने-पकड कुठायत?" ते म्हणाले. "नळी लांब घेऊ. कशी घ्यायची ते दाखव मला."

दुपारभर दोघे माझ्यावर वाकून होते. नळी दूर गेली, मध्ये पत्र्याचा आडोसा आला. कार्बोरेटरचा स्क्रू किती पिळला की माझा आवाज सुधारतो, हे यजमान कान देऊन शिकले. त्या दोन पेट्या मात्र रिकाम्याच परत आल्या.

मित्रांनो, मी अजूनही पुरता सावरलेलो नाही. गार सकाळी काय करावे ते मला सुचत नाही. तुमच्या घरातही एखादे यंत्र किंवा एखादे माणूस असे बदलले असेल, पूर्वीसारखे एका हाकेत उठत नसेल. त्याच्यावर लगेच ओरडू नका. त्याला आता काय लागते, ते जवळ जाऊन ऐका. ते त्याचे त्यालाही धड माहीत नसेल.

परवा घाट चढून आल्यावर यजमानांनी बॉनेटवर थाप मारली. "शाब्बास!" ते म्हणाले. शेजारी मेव्हणा उभा होता, आत कार्बोरेटर होता. शाब्बासकी नक्की कुणाला होती, ते कळले नाही. मी आपली ती घेऊन टाकली.