बाईंचा हात आणि माझं नवं इंजिन

मी एक जुनी बोट आहे. मासे धरणारी नाही, आणि सहलीच्या माणसांना तळ्यातून फिरवून आणणारी तर मुळीच नाही. पायांना फळ्या बांधून पाण्यावरून सुसाट घसरत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या हातातल्या दोराचं दुसरं टोक माझ्या खांबाला बांधलेलं असतं. ओढते मी, टाळ्या त्यांना पडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कामच ते आहे. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही, मित्रांनो.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात मधोमध एक काळंकुळकुळीत इंजिन होतं. आम्ही एकमेकांच्या मापानेच घडलो होतो. मला घेतलं बाईंनी. बाई तळ्यावर स्की शिकवत. "गुडघे वाकव! नजर वर! दोराशी भांडू नकोस!" हा त्यांचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जाई. अख्खं तळं त्यांना बाईच म्हणे. मुलगा तेवढा आई म्हणायचा, आणि पुढे नात आली, छोटी, ती आजी म्हणू लागली.

बाईंची खरी करामत बघायची ती धक्क्याला लागताना. मागे जाताना माझ्यासारखी बोट स्टिअरिंगला जुमानत नाही. पाण्याखालचा पंखा ज्या अंगाने फिरेल त्याप्रमाणे शेपटी वळते. माझी उजवीकडे यायची. म्हणून बाई धक्का उजव्या हाताला ठेवून तिरक्या येत, अगदी जवळ आल्यावर गिअर मागे टाकत, की माझी शेपटी आपसूक आत येई आणि मी अलगद टेकत असे. बाई तोवर कुणाशी तरी बोलत असायच्या. मान वळवून बघायचीही त्यांना गरज पडत नसे. त्यांच्या हाताला सगळं पाठ होतं.

मग इंजिन म्हातारं झालं. तापायला लागलं, भर तळ्यात बंद पडायला लागलं.

"याचे सुटे भाग मिळत नाहीत आता, आई," मुलगा म्हणाला.

"माझेही मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "मला कधी काढताय?"

"तुझं आपलं काहीतरीच!"

"बरं, बदल बाबा. पण एक सांगून ठेवते. छोटीला पहिल्यांदा पाण्यावर मीच ओढणार. मग खुशाल बसवा मला घरी."

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या घरात पट्टी बांधून पडल्या असताना इकडे माझं पोट उघडलं. साखळी लावून माझं इंजिन वर उचललं, आणि जमिनीवर फाटका टायर टाकून त्यावर ठेवलं. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर फाटका टायर! नवं आलं ते दुसऱ्याच कंपनीचं. त्याचे पाय माझ्या बैठकीवर बसेनात, म्हणून बैठक कापली. झाकण लागेना, म्हणून खाली लाकडी पट्टी ठोकली. परक्या मापाचा सदरा अंगावर चढवावा तसं झालं. मिस्त्री मात्र कामाला चोख होता. हात पुसत तो मुलाला म्हणाला, "साहेब, हे इंजिन उलट्या अंगाने फिरतं. पंखाही तसाच बदललाय. पुढे जाताना काही कळायचं नाही, पण मागे घेताना शेपटी आता डावीकडे जाणार. बाईंना आठवणीने सांगा."

मुलगा फोनवर बोलत होता. त्याने मान डोलावली.

पट्टी निघाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि बाई आल्या. छोटी धक्क्याच्या कडेला, पायात फळ्या बांधून, पाय खाली सोडून बसली होती. बाईंनी एक फेरी मारली. "जोर आहे हो!" म्हणाल्या. मला त्यांच्या आनंदाची धास्ती वाटत होती. नातीला घ्यायला त्या नेहमीसारख्या तिरक्या आल्या, नेहमीच्याच जागी गिअर मागे टाकला. माझी शेपटी बाहेर गेली आणि तोंड धाडकन धक्क्यावर आदळलं. छोटीने पाय वर ओढले म्हणून वाचली. एक फळी मात्र मध्ये सापडून मोडली.

"आई, किल्ली दे," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अरे, मी रोजच्यासारखंच घेतलं रे..."

"पोरीचे पाय गेले असते! दिसत नाही तुला, कबूल कर ना एकदा."

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. मग किल्ली दिली.

पुढच्या आठवड्यात मुलगा स्वतः मला घेऊन निघाला. आईकडूनच शिकलेला, तोही तसाच तिरका आला. शेपटी पुन्हा डावीकडे! धक्का थोडक्यात चुकला. तो तसाच बसून राहिला. "मिस्त्रीने सांगितलं होतं," तो पुटपुटला. मला वाटलं, आता हा उठेल, घराकडे पळत सुटेल. धक्क्यावरून बायकोने विचारलं, "काय झालं हो?" त्याने तिला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस. परत किल्ली मागेल. नाहीतरी वय झालंच होतं तिचं."

तेव्हापासून तो धक्का डाव्या हाताला ठेवून येतो. छोटीला पहिल्यांदा त्यानेच ओढलं. पोरगी उभी राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

एका दुपारी त्या शेडमध्ये एकट्याच आल्या. माझ्या तोंडावरचं ठिगळ चाचपत म्हणाल्या, "हात गेला गं माझा. तुला उगीच लागलं." त्या माझी माफी मागत होत्या! मित्रांनो, त्या वेळी माझे तुकडे झाले असते तरी मला चाललं असतं.

मला रंग द्या, धुऊन पुसून ठेवा, असलं काही मी मागत नाही. जुन्या वस्तूत काही बदलाल तर तिची सवय झालेल्या माणसाला आधी सांगा, एवढंच मागते. सांगायचं राहून गेलं असेल, तर आज सांगा. बाई अजून संध्याकाळी धक्क्यावर खुर्ची टाकून बसतात. मी जवळ येऊ लागले की त्यांचा उजवा हात मांडीवरच हलतो आणि नेमक्या जागी गिअर मागे टाकतो. मी रोज बघते. मुलगाही बघतो. माणसासारखं बोलतं तोंड मला नाही, आणि ज्याला आहे तो दोर बांधून घरी जातो.