तात्पुरतं वास्तव्य

पौषातलं ऊन नंदुरबारच्या शिवारावर उतरतं तेव्हा तिथली जमीन मातीच्या रंगाची राहत नाही. गावाबाहेर कोसभर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, रक्तवर्ण, अग्निवर्ण, संध्यावर्ण. उत्तरेला सातपुड्याची धूसरनील रेघ, वर निरभ्र, निःशब्द आकाश, आणि मध्ये ती आरक्त धरित्री. त्या दिवसांत वाऱ्यातच तिखट असतं. सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असतात आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही.

त्या लालिम्याच्या काठावर, निंबाच्या विरळ सावलीत, कुमुदचं दोन खोल्यांचं घर होतं. कुमुद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, हा विषय गावानेही कधीच सोडून दिला होता. घरात एका ताटाचा, एका वाटीचा आवाज. एकाकीपणाला माणूस सरावतो म्हणतात, तशी तीही सरावली होती.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, अशाच शुभ्र, शुष्क, शिशिरातल्या एका सकाळी, तिची धाकटी बहीण मंजिरी अमेरिकेहून परतली. अंगात दुर्धर दुखणं आणि दोन्ही हातांना दोन मुली. आठ वर्षांची शाल्मली, चार वर्षांची जुई. नवरा हेमंत तिकडेच राहिला, कारण सगळ्या संसाराचा भार त्याच्या नोकरीवर होता. ‘सहा महिन्यांत बरी होते आणि जाते,’ असं मंजिरी हसत म्हणाली होती.

सहाचे बारा झाले, बाराचे पंधरा झाले. शेवटच्या दिवसांत ती शेवंतीच्या वाळक्या फुलाएवढी उरली होती. एकदा तिने कुमुदचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, पोरी बापाजवळ वाढू देत." कुमुद हो म्हणाली. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असतं!

मंजिरी गेली, आणि मुली राहिल्या.

त्यानंतरचे आठ महिने कुमुदच्या आयुष्यात आले ते न मागता आलेल्या मोहरासारखे. दोन वेण्या, दोन दप्तरं, दोन आवाजांतली भांडणं. तिच्याच शाळेत तिनेच त्यांची नावं घातली होती. सकाळी कोवळ्या, केशरी उजेडात तिघी पथारीच्या कडेने शाळेत निघत, तेव्हा देठं खुडणाऱ्या बायका मान वर करून म्हणत, "ती पहा, जुईनी माय चालनी." पहिल्यांदा तिने त्यांना टोकलं होतं. दुसऱ्यांदा टोकलं नाही. तिसऱ्यांदा तर तिने पाऊल मुद्दाम हळू टाकलं.

मग हेमंतने नेमलेल्या वकिलाचा फोन आला. मुलींना तिकडे कायम राहण्याचा हक्क होता; पण वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यामुळे तो हातचा जाण्याच्या बेतात होता. वाचवायचा तर वकिलातीला पटवून द्यायला हवं, की जाणं नाइलाजाचं होतं, राहणं तात्पुरतं होतं आणि त्यांचं घर, खरं घर, तिकडेच होतं. "आजारपणाची कागदपत्रं आहेतच," वकील म्हणाले, "पण बाई, तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि मुलींना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगायला हवं."

कुमुदने प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हाताने लिहून काढलं. फळ्यावर सुविचार लिहावा तसं, वळणदार, एकसारख्या अक्षरात. ‘सदर दोन्ही मुली माझ्या घरी केवळ तात्पुरत्या वास्तव्यास आहेत.’ लिहिताना कोपऱ्यात जुईची खाट दिसत होती, गावच्या सुताराकडून मुद्दाम लांब करून घेतलेली, पोरगी वाढली तरी पुरावी म्हणून. तात्पुरत्या. दाराशी चिमुकल्या चपलांचे दोन जोड. तात्पुरत्या. दोरीवर तिच्या लुगड्याशेजारी वाळणारे दोन परकर. एकेका वस्तूने तिला खोटं पाडलं, आणि तरीही तिने खाली सही केली.

रोज दिवेलागणीला, देवापुढे शुभंकरोती झाली की, उजळणी सुरू व्हायची. शाल्मली दहा वर्षांची, समजूतदार. आई गेल्यापासून तर जरा जास्तच समजूतदार. ती पहिल्याच दिवशी सगळं नीट बोलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. खोळंबा होता तो जुईचा.

"तुझं घर कुठं आहे, जुई?"

"हे काय, इथंच."

"असं नाही. बाबा राहतात तिथं. इथं आपण कोण?"

"आपण आपणच."

चार दिवस समजावलं. पाचव्या दिवशीही जुईने तेच उत्तर दिलं, वर फरशीवर थाप मारून, खिदळत दिलं. कुमुदचा हात उठला. ज्या हाताने वीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाला मारलं नव्हतं, तो त्या कोवळ्या गालावर उमटला. गुन्हा काय, तर पोर खरं बोलली होती.

जुई रडली नाही. मोठे, काळेभोर, अचंबित डोळे करून मावशीकडे बघत राहिली. मग अगदी स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "माझं घर अमेरिकेत आहे. इथं मी पाहुणी आहे." एकही अक्षर चुकलं नाही.

मुंबईच्या वकिलातीच्या दालनात थंडगार, पांढरा, परका प्रकाश होता. काचेपलीकडच्या गोऱ्या बाई मृदू होत्या, आणि त्या मृदू असल्याचंच कुमुदला वाईट वाटत होतं. त्यांनी कागद चाळले, मंजिरीच्या मृत्यूच्या दाखल्यावर क्षणभर बोट ठेवलं, शाल्मलीशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या. मग दुभाष्याने वाकून जुईला विचारलं, "बाळ, तुझं घर कुठं आहे?"

त्या एका क्षणी कुमुदच्या मनाच्या तळातून जे वर आलं, त्याची तिला जन्मभर लाज वाटणार होती. चुकू दे. देवी, हिला चुकू दे. म्हणू दे की घर नंदुरबारला, निंबाखाली. एवढं एक वाक्य, की दोघी माझ्या. मंजिरीला दिलेला शब्द मोडायला नको, खोटं बोलायला नको. फक्त लेकराने खरं बोलावं. हातातला पदर तिने इतका पिळला, की त्याची सुरकुती परतीच्या प्रवासातही गेली नाही.

जुईने मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मागे बांधले, मान ताठ केली आणि शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. काचेपलीकडच्या बाई हसल्या. आठ दिवसांनी कळलं, हक्क राहिला. हेमंत फोनवर ओक्साबोक्शी रडला, म्हणाला, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू!" कुमुदने त्याला स्वेटर कोणत्या मापाचे घ्यायचे ते सांगितलं.

शिक्के बसलेले पासपोर्ट आणायला तिघी पुन्हा मुंबईला जाऊन आल्या. घरी पोचल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कुमुदने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. शाल्मली पिशव्या घेऊन आत गेली. जुई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. एरवी बाहेरून आली की ती थेट माठावर तुटून पडायची, अर्धं पाणी पोटात, अर्धं फ्रॉकवर आणि उरलेलं घरभर. त्यापायी रोज बोलणी खायची. आज ती उंबऱ्याच्या अलीकडे पाय जुळवून उभी राहिली.

"मावशी, मी पाणी घेऊ का?"

"घे ना, बेटा," कुमुद म्हणाली. "विचारतेस काय."

जुईने बेताचं पाणी घेतलं. सावकाश प्याली. ग्लास विसळला, जागेवर पालथा घातला, आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी बसली. बाहेर सांज उतरत होती, शांत, श्यामल, संथ. आणि आत, माठापासून उंबऱ्यापर्यंत, सगळी फरशी कोरडी होती.